आज्ञावलीचे विकल्प व विन्यास
आज्ञावलीचे विकल्प व विन्यास : संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रॅमचे, वर्तन तिच्या मूळ मजकुरास हात न लावता बाहेरून ठरविण्याची साधने. आज्ञावली सुरू करताना तिच्या नावापुढे त्याच ओळीत जे शब्द लिहिले जातात, त्यांना आज्ञापंक्तीवरील म्हणजे कमांड लाइनवरील विकल्प म्हणतात. जी मूल्ये प्रत्येक वेळी नव्याने सांगावी लागू नयेत ती वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवतात. ही विन्यास-फाइल किंवा रूढ भाषेत कॉन्फिगरेशन फाइल होय. ऑब्जेक्ट ओरिएंटेड या नावाने परिचित असलेल्या वस्तुलक्षी आज्ञावलीत अनेक स्वतंत्र वस्तू एकमेकींशी संदेशांची देवाणघेवाण करून काम करतात. तेथे ही मूल्ये कोणी वाचावयाची व कोणत्या वस्तूपर्यंत कशी पोहोचवावयाची, हा रचनेचा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

या साधनांची गरज का पडते, हे वऱ्हाडातील कापसाच्या व्यवहारावरून चांगले समजते. अमरावती किंवा अकोला येथील खरेदी केंद्रावर शेतकऱ्याच्या देयकाची रक्कम काढणारी एक आज्ञावली आहे असे मानू. वजनास भावाने गुणणे व ओलाव्याबद्दलची कपात वजा करणे एवढेच तिचे काम. यातील गुणाकार कधीच बदलत नाही. भाव मात्र दरवर्षी बदलतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा किमान आधारभूत भाव २०२३–२४ च्या हंगामात क्विंटलला ६,६२० रु., २०२४–२५ मध्ये ७,१२१ रु. व २०२५–२६ मध्ये ७,७१० रु. असा जाहीर झाला. हा आकडा आज्ञावलीच्या मजकुरातच लिहिलेला असेल, तर दर हंगामास तो शोधून बदलावा लागेल आणि तो चार ठिकाणी लिहिलेला असल्यास एखादे ठिकाण हमखास राहून जाईल. भौगोलिक माहितीही याला अपवाद नाही. वऱ्हाडचे जिल्हे चार असे गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली १ जुलै १९९८ रोजी चुकीची ठरली. त्या दिवशी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा पाचवा जिल्हा अस्तित्वात आला. आज्ञावलीत ज्याला स्थिरांक म्हटले जाते, ते पुष्कळदा केवळ सावकाश बदलणारे मूल्य असते.

इतिहास : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील कालविभागी संगणक-प्रणालीवर १९६० नंतरच्या दशकात लुई पूझँ यांनी आज्ञांची मालिका फाइलीतून चालविणारी ‘रनकॉम’ ही सोय केली. युनिक्स प्रणालीतील अनेक विन्यास-फाइलींच्या नावाअखेरची ‘आरसी’ ही अक्षरे त्याच नावाचा अवशेष आहेत. आडव्या रेघेने सुरू होणारे एकाक्षरी विकल्प ही युनिक्सचीच रूढी. ते वाचण्याचे ‘गेटऑप्ट’ हे उपकार्य ए. टी. अँड टी. कंपनीने १९८५ मध्ये सर्वांस खुले केले, तोपर्यंत प्रत्येक आज्ञावली ही रूढी आपापल्या परीने पाळीत असे. दोन रेघांनी सुरू होणारे, पूर्ण शब्दांचे विकल्प ग्नू प्रकल्पामुळे रूढ झाले. वस्तुलक्षी विचाराचा उगम यापासून अगदी वेगळा असून तो नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्यूला ६७ या भाषेत आढळतो. पुढे सी++, जावा, पायथॉन इ. भाषांमध्ये विकल्पांचे वाचन करणारे तयार वर्ग उपलब्ध झाले. पायथॉनमध्ये २००३ साली ‘ऑप्टपार्स’ व २०१० साली ‘आर्गपार्स’ आले. त्यांत प्रत्येक विकल्पाचे नाव, प्रकार व साहाय्यक टीप एकदा नोंदविली की वाचन, तपासणी व मदतीचा मजकूर ही तिन्ही कामे आपोआप होतात.

अग्रक्रम : एकच मूल्य अनेक ठिकाणांहून येऊ शकते. आज्ञावलीतील गृहीत मूल्य, संपूर्ण संगणकासाठीची फाइल, वापरणाऱ्याची स्वतःची फाइल, परिसर-चल म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि शेवटी आज्ञापंक्ती अशी ही चढती भाजणी असून नंतरचे मूल्य आधीच्यास मागे टाकते. जे सर्वांत तात्पुरते आणि त्या क्षणी मुद्दाम सांगितलेले तेच प्रमाण, हे त्यामागील तत्त्व होय. अहवाल कोणत्या फाइलीत लिहावा, पडद्यावर तपशील किती दाखवावा, अशा सोयीच्या बाबींसाठी ते योग्यच आहे. तथापि भाव ही सोयीची बाब नव्हे. शासनाने ठरविलेला भाव खरेदी केंद्रावरील कोणासही ‘--भाव ७०००’ असे टंकून बदलता येत असेल, तर तेथे संगणकाची रूढी पाळली जाऊन शेतकऱ्याचे नुकसान होईल. (विकल्पांची नावे प्रत्यक्षात बहुधा रोमन लिपीत असतात; येथे सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.) कोणते मूल्य कोणाच्या अधिकारात आहे हे आधी ठरवावे व जी मूल्ये वरच्या पातळीवर निश्चित झाली आहेत, त्यांना आज्ञापंक्तीवरून बदलण्याची वाटच ठेवू नये. क्रमिक पुस्तकांत अग्रक्रमाचा तक्ता असतो, पण हा भेद क्वचितच सांगितलेला आढळतो.

याउलट, संकेतशब्दासारखी गुप्त मूल्ये आज्ञापंक्तीवर कधीही देऊ नयेत. चालू प्रक्रियांच्या यादीत संपूर्ण आज्ञापंक्ती दिसते व अनेक प्रणालींवर ती त्याच संगणकाच्या इतर वापरकर्त्यांनाही वाचता येते. त्यासाठी वाचनाचा अधिकार मर्यादित केलेली स्वतंत्र फाइल बरी.

वाचनातील दोष : विन्यास-फाइलीतील मजकूर हा केवळ अक्षरांचा समूह असतो; त्याचा अर्थ लावणाऱ्या टप्प्यावरच बहुतेक चुका होतात. आज्ञावली ‘आर्द्रता_मर्यादा’ हे नाव शोधते आणि फाइलीत कोणी ‘आद्रता_मर्यादा’ असे लिहिले आहे, असे समजू. ही अशुद्धी मराठी लेखनात इतकी सर्रास आहे, की डोळ्यांना ती खटकतही नाही. आज्ञावलीस हवे असलेले नाव सापडत नाही, म्हणून ती गृहीत मूल्य घेऊन निमूटपणे पुढे जाते. आधारभूत भाव ८ टक्के ओलाव्याच्या कापसासाठी असतो व १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस त्या भावाने घेतला जात नाही. तेव्हा या एका मूल्यावर गाडी स्वीकारली जाणे वा परत पाठविली जाणे अवलंबून असते. यावर उपाय असा, की अनोळखी नाव आढळताच आज्ञावलीने थांबून तक्रार करावी. अशा बाबतीत क्षमाशील आज्ञावलीपेक्षा हेकट आज्ञावली अधिक उपकारक ठरते.

‘वऱ्हाड’ हे नावच एक सापळा आहे. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, अथवा साधा र, हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह योजून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. युनिकोडच्या प्रमाणित रूपांतराने ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ आणि स्वतंत्र ‘ऱ’ एकरूप होतात. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र वेगळेच राहते. त्यामुळे फाइलीतील ‘वऱ्हाड’ हा विभाग समोर दिसत असूनही आज्ञावलीस सापडत नाही. नोंदीसाठी निश्चित सांकेतिक नाव व पडद्यावर दाखविण्यासाठी मराठी नाव अशी विभागणी केल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

अंकांचीही अशीच गत आहे. अमरावतीचा दूरध्वनी-संकेतांक ०७२१ व अकोल्याचा ०७२४. हे अंक अवतरणचिन्हांशिवाय यॅमल या मांडणीतील फाइलीत लिहिल्यास, तिच्या १.१ या आवृत्तीच्या नियमानुसार आरंभीच्या शून्यामुळे ते अष्टमान पद्धतीचे समजले जातात व अनुक्रमे ४६५ व ४६८ असे वाचले जातात. २००९ मधील १.२ या आवृत्तीत हा नियम बदलला, परंतु जुन्या नियमाने चालणारी वाचनसाधने त्यानंतरही वापरात राहिली. जेसन या मांडणीत असा अंक थेट चूक ठरतो, आणि ते बरेच म्हणावयाचे. देवनागरी अंकांत लिहिलेला भाव पायथॉन व जावा या भाषांची पूर्णांक वाचणारी कार्ये समजू शकतात, तर सी भाषेचे प्रमाण उपकार्य तेथे शून्य परत करते. शून्य भावाने काढलेले देयक निदान चटकन लक्षात तरी येते.

मूल्याबरोबर त्याचे एककही नोंदविणे आवश्यक असते. सरकीसह कापूस क्विंटलने विकला जातो, सरकी काढलेल्या रुईचा भाव सु. ३५६ किग्रॅ. च्या खंडीवर बोलला जातो आणि गाठ १७० किग्रॅ. ची धरतात. त्यामुळे फाइलीत नुसते ‘भाव’ असे लिहिण्यापेक्षा ‘भाव_प्रति_क्विंटल’ असे नाव देणे हितावह. भावास कालमर्यादाही असते. फाइलीत एकच चालू भाव ठेवला व मार्च २०२५ मधील देयक नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा काढले, तर क्विंटलमागे ५८९ रु. व वीस क्विंटलच्या गाडीमागे ११,७८० रु. इतका फरक पडतो. म्हणून एका आकड्याऐवजी हंगामवार कोष्टक ठेवावे व देयकाच्या तारखेवरून त्यातील ओळ निवडावी.

वस्तुलक्षी मांडणी : नवख्या आज्ञावलीकाराच्या रचनेत देयक काढणारी वस्तू स्वतःच फाइल उघडते, पावती छापणारी वस्तू तीच फाइल पुन्हा उघडते आणि तिसरी एखादी वस्तू थेट आज्ञापंक्ती वाचते. दुपारी फाइल बदलली गेली, तर एकाच देयकाची गणना एका भावाने व छपाई दुसऱ्या भावाने होऊ शकते. शिवाय प्रत्यक्ष फाइल असल्याशिवाय गणनेची चाचणी घेता येत नाही. सर्वांना कोठूनही पाहता येईल अशी एकच सार्वत्रिक वस्तू ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. पण कोणता वर्ग कोणत्या मूल्यावर अवलंबून आहे हे त्यामुळे मजकुरावरून कळेनासे होते.

यापेक्षा निर्दोष रचना पुढीलप्रमाणे करता येते. मूल्ये पुरविणाऱ्या प्रत्येक स्रोतासाठी, उदा., आज्ञापंक्ती, परिसर-चल व फाइल यांसाठी, एकेक वर्ग असावा. सर्वांची प्रश्न विचारण्याची पद्धती समान असावी. आज्ञावलीच्या प्रारंभी, केवळ एकदा, या स्रोतांना ठरलेल्या क्रमाने विचारून विन्यासाची एक वस्तू घडवावी. तिच्या घडणीतच सर्व तपासणी व्हावी. भाव धन आहे काय, ओलाव्याची मर्यादा संभाव्य कक्षेत आहे काय, जिल्ह्याचे नाव यादीत आहे काय, हे पाहून तपासणीत न उतरणारी वस्तू निर्माणच होऊ देऊ नये. एकदा घडल्यावर ती अपरिवर्तनीय असावी. देयक काढणाऱ्या वर्गास संपूर्ण विन्यास न देता त्याला हवे तेवढेच, म्हणजे भावकोष्टक व ओलाव्याचे नियम, त्याच्या निर्मितीच्या वेळी हाती द्यावेत. ते फाइलीतून आले की चाचणीसाठी हाताने लिहिले, याच्याशी त्या वर्गास कर्तव्य नसते.

मूल्य बदलणे व नियम बदलणे यांत मात्र फरक आहे. महाराष्ट्र कच्चा कापूस (प्राप्ती, प्रक्रिया व पणन) अधिनियम, १९७१ अन्वये १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार खरेदी योजना सुमारे तीन दशके चालली. ती संपल्यावर बदलला तो आकडा नव्हे, तर कापूस कोणी कोणास व कोणत्या अटींवर विकावा याची व्यवस्थाच. असा बदल फाइलीत बसविण्याच्या हव्यासाने तिच्यात अटी, अपवाद व सूत्रे शिरतात आणि ती एक अपुरी, तपासणीविना चालणारी आज्ञावली होऊन बसते. नियमांच्या प्रत्येक व्यवस्थेसाठी स्वतंत्र वर्ग लिहावा, त्याची रीतसर चाचणी घ्यावी व यांतील कोणता वर्ग चालवावयाचा एवढेच फाइलीत नोंदवावे.

प्रत्यक्ष वापरात अत्यंत उपयोगी पडणारी, पण सहसा दुर्लक्षिली जाणारी सोय म्हणजे अंतिम विन्यास दाखविणारा विकल्प. प्रत्येक मूल्यासोबत त्याचा उगमही, म्हणजे ते कोणत्या फाइलीतील कितव्या ओळीतून अथवा कोणत्या विकल्पातून आले हे, विन्यासाच्या वस्तूने लक्षात ठेवावे. देयकावर वाद उत्पन्न झाल्यास त्या दिवशी कोणता भाव व ओलाव्याची कोणती मर्यादा लागू केली होती, हे मग शेतकऱ्यास लेखी दाखविता येते. यासाठी ही माहिती प्रत्येक दिवसाच्या नोंदीत, पहिल्या देयकाच्या आधी, लिहून ठेवतात.