टी-शर्ट छपाईची ऑर्डर घेताना भाव कसा सांगायचा?



16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आणि पुढे गणपतीपर्यंत आपल्या काही घरांतली पोरं आणि ताया टी-शर्ट छपाईच्या ऑर्डरी घेतात. काम चांगलं आहे. कापडावर रंग चढवणं बुऱ्हाणपूरला नवंही नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच व्यापारी इथलं रंगीत, फुलांचं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं लिहून गेलाय. पण "शेजारच्याने 190 घेतले, मग आपणही 190" असा भाव सांगितला तर घरातली शिल्लक जाऊ शकते.

पहिली गोष्ट कोऱ्या मालाची. गावात पावरलूम असले तरी टी-शर्टाचं कापड लूमवर निघत नाही, ते विणलेलं होजिअरीचं असतं. माल तिरुपूरसारख्या ठिकाणाहून येतो. म्हणून भाव धरताना बिलावरचा जीएसटी आणि ट्रान्सपोर्टचं भाडं त्यातच धरा. आपला जीएसटी नंबर नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चच झाला.

आता एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमच्या बिलाचे घाला.

मंडळाचे 100 टी-शर्ट. छातीवर 10 सेंटीमीटरचा दोन रंगांचा लोगो, पाठीवर एका रंगात नाव. छापताना दोन-तीन पीस खराब होतातच, म्हणून माल 103 चा घ्यायचा. 120 रुपयांप्रमाणे 12,360 झाले. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे तीन स्क्रीन, 300 प्रमाणे 900. शाई 600 (डबा कामाआधी आणि कामानंतर वजन करा, खरा आकडा तिथेच कळतो). वीज, पिशवी, मशीनची झीज 300. दोघांचे दीड दिवस, म्हणजे तीन मजुऱ्या, 450 प्रमाणे 1,350. घरचाच माणूस आहे म्हणून मजुरी सोडू नका. तो दुसरीकडे गेला असता तर रोज मिळालाच असता. एकूण 15,510, म्हणजे एका पीसला 155 रुपये 10 पैसे. 190 ने विकले तर 3,490 उरतात.

आता तीच डिझाईन, पण ऑर्डर 25 ची. माल 26 चा, 3,120. स्क्रीन मात्र तीनच लागणार, 900. शाई 150, वीज वगैरे 75. मजुरी चौथाई होत नाही, कारण स्क्रीन बनवणं, टेबल लावणं, धुणं तेवढंच असतं. दीड मजुरी धरू, 675. एकूण 4,920. पीसला जवळपास 197! इथे 190 सांगितले तर उलटे 170 रुपये खिशातून गेले. नाव पाण्यात घातली की दोन किलो मासा मिळो की वीस, काही खर्च तेवढाच येतो ना, तसंच हे.

अशा छोट्या ऑर्डरीला डीटीएफ बरं पडतं. छापलेली फिल्म मीटरवर मिळते, स्क्रीन लागत नाही, गरम प्रेसने चिकटवायची. साधारण 60 सेंटीमीटर पन्ह्यात 10 सेंटीमीटरचे पाच लोगो आडवे बसतात, मीटरभरात नऊ ओळी, म्हणजे 45. पाठीची नावं धरून अडीच मीटर पुरतं. मीटर 250 ने मिळाली तर 625. मजुरी एकच. मग सगळा खर्च 4,270 येतो आणि 190 च्याच भावात 480 उरतात. प्रेस मशीन मात्र जवळ पाहिजे.

टक्केवारीत पुष्कळ जण फसतात. 155.10 वर 20 टक्के चढवले की भाव 186 होतो, पण त्या 186 मधला नफा 16.7 टक्केच असतो. विक्रीवर 20 टक्के हवे असतील तर खर्चाला 0.80 ने भागा, 194 येतात. गिऱ्हाईक चार रुपये कमी करायला लावणार हे धरूनच भाव सांगा.

अ‍ॅडव्हान्सबद्दल. "अर्धे आधी, अर्धे नंतर" ही आपली सवय. पण 19,000 चे अर्धे 9,500, आणि नुसता कोरा माल 12,360 चा. म्हणजे वरचे जवळपास तीन हजार तुम्ही मंडळाला उसने दिले, तेही विसर्जन होईपर्यंत. त्यामुळे 70 टक्के मागा. नावाचं स्पेलिंग आणि साईजची यादी कागदावर सही घेऊनच स्क्रीन बनवा. मोठ्या साईजचा माल महाग येतो, तो भाव वेगळा सांगा.

कुणाच्या हातात सध्या ऑर्डर असेल तर बिलं आणि वही घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून हिशोब मांडू.

— सचिव