रुथवेल येथील शिलाक्रूस : भग्न लेख आणि दूरची पोथी

शिलालेख व हस्तलिखित पोथी हीं परस्परांचीं साक्षीदार होत, हें संशोधकांस नव्यानें सांगावयास नको. या साक्षीचें एक बोधप्रद उदाहरण स्कॉटलंडच्या दक्षिणेस रुथवेल नामक खेड्यांत आहे.

तेथील चर्चमध्यें सुमारें १८ फूट उंचीचा दगडी क्रूस उभा आहे. तो इ. स. च्या ८ व्या शतकांतील मानितात. त्याच्या रुंद बाजूंवर ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग व लॅटिन लेख कोरलेले असून, अरुंद बाजूंवर वेलबुट्टी व पशुपक्षी आहेत. या वेलबुट्टीच्या कडांनीं रून लिपींत प्राचीन इंग्रजी भाषेचा लेख आहे.

इ. स. १६४० मध्यें स्कॉटिश धर्मसभेनें मूर्तिपूजेचीं चिन्हें नष्ट करण्याचा ठराव केला व १६४२ मध्यें हा क्रूस पाडून फोडण्यांत आला. पुढें तेथील धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनीं तुकडे गोळा करून १८२३ मध्यें तो आपल्या निवासाच्या बागेंत उभारिला. हरवलेला आडवा दगड नवा घडविला. १८८७ मध्यें त्यास चर्चमध्यें आश्रय मिळाला.

लेखाचा अर्थ मात्र दीर्घकाळ लागेना. कोणी त्यांत दानाचा, तर कोणी विवाहाचा वृत्तान्त वाचिला! अखेर १८४० मध्यें जॉन केंबल यांनीं दाखवून दिलें कीं, हें काव्य असून त्यांत क्रूस स्वतःच बोलत आहे. उत्तर इटलींतील व्हर्चेल्ली येथील ग्रंथसंग्रहांत १८२२ मध्यें आढळलेल्या, १० व्या शतकाच्या उत्तरार्धांतील पोथींत तेंच काव्य विस्तारानें आहे. केंबल यांस त्याचा पडताळा आपलें वाचन प्रसिद्ध केल्यानंतर मिळाला. म्हणूनच त्या वाचनाचें मोल अधिक.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी कीं, शिळा जुनी पण खंडित, पोथी अर्वाचीन पण संपूर्ण. तेव्हां एकीवांचून दुसरीचा अर्थ अपुरा. दुसरी, दोहोंतील पाठ व बोली एकच नाहीं. म्हणून पोथींतील अक्षरें शिळेच्या रिकाम्या जागीं भरतांना तीं कंसांतच घालावीं. पूर्तता करणें हें संशोधकाचें काम खरें. पण ती पूर्तता आपली आहे हें सांगणें त्याहून मोठें काम होय. आपल्या दप्तरांतील फाटकें पान टाकून देण्यापूर्वीं संग्राहकांनीं रुथवेलच्या या तुकड्यांचें स्मरण करावें.