वॉटच्या आकड्याआधी खोलीचं माप

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो वॉटचा. हजार वॉटचा संच पाचशेच्या दुप्पट दणकट असणार, असं कुणालाही वाटेल. कानाचा हिशेब मात्र वेगळा आहे. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने चढते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. शिवाय ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो, आणि तेवढ्या आवाजात घरातल्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागेल. (खोक्यावरचा ‘पीएमपीओ’चा अवाढव्य आकडा तर वाचूच नये, तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही.) त्यामुळे निवडीची सुरुवात यंत्रापासून नव्हे, खोलीपासून करावी, असं माझं मत आहे.

याला आधार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनात, तेव्हा १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर त्यावर उपाय शोधण्याचं काम सोपवलं गेलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, ऑर्गनच्या नळीचा सूर थांबवायचा आणि तो किती वेळ रेंगाळतो ते मोजायचं, असा त्याचा प्रयोग होता. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ जास्त तर घुमणं जास्त, आवाज शोषणारे पृष्ठभाग जास्त तर घुमणं कमी. ते आपल्या १२ बाय १० फुटांच्या, १० फूट उंचीच्या हॉलला लावून पाहा. गुळगुळीत टाइल्स, प्लास्टरच्या उघड्या भिंती आणि काचेची स्लायडिंग खिडकी एवढंच असेल, तर आवाज दीड सेकंदाच्या आसपास रेंगाळतो. कापडी सोफा, जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट आलं की तो काळ अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ शकतो. ‘गाणी दणाणतात, पण संवाद कळत नाहीत’ या नेहमीच्या तक्रारीचं एक मोठं कारण इथे आहे. स्वर जोरकस असतात, व्यंजनं क्षीण आणि क्षणभंगुर. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतला फरक म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागापुरता हवेचा झोत. आधीच्या शब्दाचा स्वर खोलीत घुमत असेल तर तो झोत त्यात बुडतो. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

खर्जाचं दुखणं आणखी निराळं. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झची लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमकी अडकते. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असतील तर ५६ हर्ट्झवर दोन दिशांचा ठोका एकत्र येतो. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो सूर छातीत धडधडतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एकाच सबवूफरबद्दल दोन जागी बसलेल्यांची दोन मतं होतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

यावर कुणी म्हणेल, हल्लीचे रिसीव्हर माइक लावून खोली मोजतात आणि आवाज आपोआप सुधारतात. मोजतात खरे, आणि फुगलेला खर्ज खाली आणण्यात ते वाकबगारही आहेत. पण जिथे लहरी एकमेकींना खोडतात तिथे कितीही शक्ती ओतली तरी खड्डा फारसा भरत नाही, आणि टाइलवरून उसळणारा आवाज कुठलंही सॉफ्टवेअर शोषून घेत नाही. दुसरा आक्षेप भाडेकरूंचा, आणि तो रास्त आहे: परक्या भिंतींना काय करणार? भिंतींना हात न लावताही पडदे टांगता येतात, सतरंजी अंथरता येते, सोफा फूटभर पुढे ओढता येतो. छत मात्र बदलता येत नाही, आणि छतावर आवाज आदळवणारे अ‍ॅटमॉस स्पीकर उतरत्या किंवा लाकडी खाचांच्या छताखाली बहुधा वाया जातात, याची कल्पना दुकानदार क्वचितच देतो.

लहान हॉलसाठी सात-आठ स्वस्त स्पीकरांपेक्षा समोरचे तीन चांगले आणि एक सबवूफर हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो. त्यातही संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तिथे काटकसर नको. खरेदीला निघताना खोलीची लांबी, रुंदी, उंची कागदावर टिपून न्या, आणि ऐकून पाहण्यासाठी गाणं नको, कुजबुजत्या संवादाचा प्रसंग लावायला सांगा.