सवलत राज्याला, कारखाने सीमेवर

मागास प्रदेशात उद्योग न्यायचे तर करसवलत द्यावी, हे सूत्र दिल्लीतील प्रत्येक सरकारला सोयीचे वाटत आले आहे. सोडून दिलेला महसूल खर्चासारखा डोळ्यांवर येत नाही आणि राज्याला काही दिल्याचे श्रेय मात्र तत्काळ पदरात पडते. या सूत्राची मोठी परीक्षा हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड या पहाडी राज्यांत झाली. तिचा निकाल समतोल विकासाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे.

७ जानेवारी २००३ रोजी वाजपेयी सरकारने या दोन राज्यांसाठी औद्योगिक पॅकेज जाहीर केले. नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क पूर्ण माफ, पहिली पाच वर्षे प्राप्तिकरात शंभर टक्के सूट आणि यंत्रसामग्रीवर अनुदान, असे त्याचे स्वरूप होते. ३१ मार्च २०१० पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांना शुल्कमाफी मिळाली. उद्योग आले, याविषयी वाद नाही. बद्दी हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. पुणे परिसरात वाढलेल्या टाटा मोटर्स आणि बजाज ऑटो यांनी पंतनगरला कारखाने उभारले. आपले उद्योग पळविले जात असल्याची तक्रार पंजाबने वारंवार केली.

परंतु नकाशा उघडला की चित्र बदलते. बद्दी हिमाचलच्या अगदी कडेला, हरियाणा-पंजाबच्या सीमेलगत आहे. हरिद्वार आणि पंतनगर उत्तराखंडच्या सपाट भागात आहेत. सवलत राज्याच्या नावाने होती. उद्योजकांनी त्या राज्यातील बाजारपेठेला सर्वांत जवळचा कोपरा निवडला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमाने त्यांच्याकडून याहून अधिक काही मागितलेच नव्हते.

परिणाम जनगणनेत उमटला. २००१ ते २०११ या दशकात उधमसिंह नगरची लोकसंख्या सुमारे ३३ टक्क्यांनी, तर हरिद्वारची सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. त्याच काळात अल्मोडा आणि पौडी गढवाल या पहाडी जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. अखेर २०१७ मध्ये राज्य सरकारला पलायन आयोग नेमावा लागला. २०११ नंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाल्याचे त्याच्या २०१८ च्या अहवालाने सांगितले. ज्या पहाडाच्या मागासलेपणाकडे बोट दाखवून वेगळे राज्य मागितले गेले, तो पहाडच रिकामा होत गेला.

याहून विचित्र गोष्ट २०१८ मध्येच घडली. केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा उत्तराखंडातून निवडले गेलेले दोन जिल्हे होते हरिद्वार आणि उधमसिंह नगर! म्हणजे जेथे कारखाने गेले नाहीत तेथून माणसे गेली आणि जेथे कारखाने आले तेथेही आरोग्य व शिक्षणाचे निकष मागेच राहिले.

पॅकेज नसते तर पहाडातील तरुण हरिद्वारऐवजी थेट दिल्ली-मुंबईला गेला असता, हा युक्तिवाद खोटा नाही. घराजवळची नोकरी ही लहान गोष्ट नव्हे, हे राजधानीत पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. प्रश्न एवढाच, की शुल्कमाफीचे मोजमाप मालावर होते, माणसांवर नव्हते. जास्त शुल्काचा माल काढणाऱ्यास जास्त लाभ. कामगार किती, हा हिशेबच नव्हता.

१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत ही त्रुटी काही अंशी दूर झाली. ९९,४४६ कोटी रुपयांच्या या योजनेत नव्या नोकरीमागे मालकाला महिना तीन हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे. मात्र नोकरी कोणत्या जिल्ह्यात निर्माण झाली, यावर साहाय्याची रक्कम ठरत नाही. पूर्वी माणूस मोजला गेला नाही. आता गाव मोजले जात नाही.

या मोजमापाच्या प्रश्नाशी मराठी अर्थतज्ज्ञांचे नाते जुने आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या १९६९ च्या सूत्राने राज्याराज्यांतील मदतवाटपाला निकष दिले. राज्याच्या पोटातील विषमता मोजण्याचे काम वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये केले. तिने जिल्हानिहाय अनुशेष काढला. तो भरून निघावा म्हणून १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, हे मात्र आपल्या राजकारणाचे वैशिष्ट्य.

जुन्या शुल्कमाफीच्या जागी वस्तू व सेवा करानंतर आलेल्या अर्थसाहाय्याची मुदत ३० जून २०२७ ही आहे. मुदतवाढीची मागणी होईल आणि तिला राजकीय वजनही असेल. ती मान्य करण्यापूर्वी केंद्राने एकच अट घालावी: सवलत राज्याला नव्हे, तालुक्याला, आणि मालावर नव्हे, तेथील माणसाला मिळालेल्या कामावर. तसे झाले नाही, तर पुढचे पॅकेजही सीमेपर्यंतच पोहोचेल.