कोड आला म्हणजे पार्ट गेला?

चंद्रपूर–मूल–गडचिरोली रस्त्यावरच्या सावली गावात पिकअप असो की कार, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की मालकाचा प्रश्न ठरलेला: "कोणता पार्ट गेला?" स्कॅनर लागतो, कोड येतो, कोडात ज्याचं नाव तो पार्ट आणायला माणूस मूलला नाहीतर थेट चंद्रपूरला पिटाळला जातो. नवा पार्ट बसतो. चार दिवसांनी दिवा परत हजर.

कोड पार्टचा निकाल देत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला (यालाच ईसीएमही म्हणतात), कोणतं मोजमाप मर्यादेबाहेर दिसलं, एवढंच तो नोंदवतो. पी०१७१ घ्या. अर्थ इतकाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या मापावरून उठते, म्हणून पुष्कळदा तोच बदलला जातो. म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच फटके! खरं कारण इनटेकचा चिरलेला होज, धुळीने माखलेला एअर फ्लो सेन्सर किंवा थकलेला पेट्रोल पंप असू शकतं. ते शोधायला स्कॅनरवरच फ्युएल ट्रिम हा, ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतं-घटवतं ते सांगणारा, आकडा दिसतो. गाडी आयडलवर असताना तो वीसच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ आला, तर बहुधा कुठूनतरी हवा शिरते आहे. उलट रेस वाढवली, लोड आला की आकडा वाढत असेल, तर पेट्रोलच्या पुरवठ्याकडे बघायचं. या तपासाला पार्टचा खर्च लागत नाही.

"कोड डिलीट केला, काम झालं" हा दुसरा समज. डिलीट केल्याने दोष जात नाही. उलट कोड पडला त्या क्षणी वेग, तापमान, लोड किती होता याची साठवलेली नोंद पुसली जाते. आधी फोटो काढावा, मग पुसावं. इतकी साधी गोष्ट फार थोड्या ठिकाणी पाळली जाते.

सगळ्यात जास्त पैसा मात्र वाया जातो तो स्कॅनर लावूनही गाडीशी लिंक होत नाही तेव्हा. "ईसीएम उडालं" असं लगेच ठरवलं जातं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा करंट असतो, ४ आणि ५ नंबरला अर्थ. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर ईसीएमचा विचार नंतर, आधी फ्यूज. बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज मोबाइल चार्जरच्या सॉकेटबरोबर सामायिक असतो, आणि स्वस्त चार्जरने तो उडवला की स्कॅनरही मुका होतो.

दिवा लागतो पण लिंक होत नाही, तर चावी ऑन आहे का आणि बॅटरी उतरली आहे का ते पाहावं. मग बॅटरीची केबल काढून मल्टिमीटर ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर धरावा. कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) असलेल्या बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास आकडा येतो, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलेलं, शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना टेकलेल्या. धानाच्या पट्ट्यात गाडी कोठाराजवळ उभी असते, उंदरांना वायरिंग सापडतं. बॉनेटखाली टॉर्च मारून नजर फिरवणं म्हणूनच आधी. यू०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला, पण त्याचा फ्यूज, अर्थ आणि या दोन तारा तपासल्याशिवाय ईसीएम मागवणं म्हणजे उधळपट्टीच.

स्वस्त ब्लूटूथ डोंगल सगळं वाचतं, हाही भ्रम. बहुतेक डोंगल इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचतात; एबीएस किंवा एअरबॅगचे कोड अनेकदा त्यांच्या आवाक्याबाहेर. जुन्या गाड्यांत सॉकेट तसंच दिसलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. भारतात बीएस-४ कारसाठी ओबीडी-२ या समान कोड-पद्धतीची सक्ती २०१३ मध्ये आली, बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. चोवीस व्होल्टच्या ट्रकला फक्त बारा व्होल्टचा स्कॅनर लावला तर तो जळू शकतो.

आणि दिव्याचं म्हणाल, तर स्थिर पिवळा दिवा असताना गाडी नीट ओढत असेल आणि तापमान-ऑइलचा लाल इशारा नसेल, तर वैनगंगा ओलांडून गडचिरोलीपर्यंत जाऊन मेकॅनिकला दाखवता येते. पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकू लागला तर इंजिन मिसिंग करतंय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. अशा वेळी रेस सोडून गाडी बाजूला घ्यायची.