श्वानांच्या पाठीच्या कण्यातील अस्थिवृद्धी व हालचालींवरील मर्यादा : एक विवेचन

प्रस्तावना :
वयस्क श्वानास उठताना त्रास होऊ लागला की 'वय झाले' असे गृहीत धरले जाते. क्ष-किरण चित्रात मणक्यांच्या कडेला वाढलेले हाड दिसल्यास तेच सर्व त्रासाचे मूळ मानले जाते. या दोन्ही समजुतींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वरूप व कारणे :
श्वानाच्या कण्यात मानेचे 7, पाठीचे 13 व कमरेचे 7 मणके असतात. बहुतेक मणक्यांदरम्यान धक्के शोषून घेणारी चकती असते. वयोमानानुसार चकतीच्या बाह्य तंतुमय वलयाची झीज होते व मणक्याशी असलेली त्याची पकड सैल होते. त्यामुळे मणक्यांच्या खालच्या व बाजूच्या कडांवर नवे हाड तयार होते. प्रारंभी ते चोचीसारखे दिसते. पुढे दोन मणके जोडणारा अस्थिसेतू बनू शकतो. या अवस्थेस 'स्पॉन्डिलोसिस डिफॉर्मन्स' म्हणतात. ती संसर्गजन्य नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2041 शुद्ध जातीच्या श्वानांपैकी 18 टक्के श्वानांत ही अवस्था आढळली. बॉक्सर जातीत तिचे प्रमाण अधिक असते.

हालचालींवरील परिणाम :
ही अस्थिवृद्धी मुख्यतः पोटाच्या बाजूस होते, तर मज्जारज्जू मणक्यांच्या वरच्या भागातील पोकळीतून जातो. म्हणून त्यावर दाब क्वचितच येतो. अनेक श्वानांत कोणतेही लक्षण नसते. काहींत पाठ ताठर होते. चेतातंतूच्या मुळावर दाब आल्यास मात्र वेदना होतात.

निदानातील दक्षता :
मागचे पाय ओढणे, नखे घासली जाणे, तोल जाणे वा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे केवळ अस्थिसेतूच्या माथी मारणे योग्य नव्हे. सरकलेली चकती, चकतीतील जिवाणूसंसर्ग अथवा जर्मन शेफर्डसारख्या जातींत आढळणारा मज्जारज्जूचा ऱ्हास यांचा विचार आवश्यक ठरतो. यांपैकी संसर्गावर प्रतिजैविकांनी उपचार होऊ शकतात. निदान चुकल्यास ती संधी हातची जाते. क्ष-किरण चित्रात मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय तपासणी उपयुक्त ठरते.

उपचार व निगा :
वाढलेले हाड औषधाने विरघळत नाही. वजन आटोक्यात ठेवणे, थोडे थोडे नियमित चालवणे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरणे व पशुवैद्यकाने दिलेली वेदनाशामके यांनी आराम मिळतो. माणसांसाठीचे आयबुप्रोफेन देऊ नये. त्याने श्वानाच्या जठरास व मूत्रपिंडास गंभीर इजा होते.

निष्कर्ष :
अस्थिवृद्धी दिसणे व तीच आजाराचे कारण असणे या दोन भिन्न गोष्टी होत. निदान चित्रावरून नव्हे, तर श्वानाच्या प्रत्यक्ष तपासणीस चित्राची जोड देऊन करणे श्रेयस्कर ठरते.