झोपेच्या गोळ्यांचा अंमल

झोपेची गोळी या एकाच नावाखाली औषधविक्रेत्याच्या फळीवर निरनिराळ्या कुळांची औषधे नांदत असतात, आणि त्यांची तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न झोप किती लवकर लागते हा नसून औषधाचा अंमल किती वेळ टिकतो हा होय; कारण त्यांचे बरेचसे गुणदोष याच एका मुळातून फुटतात.

१९०३ साली एमिल फिशर व जोसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी पुढे आणलेल्या बार्बिटालच्या कुळाने अर्धे शतक निद्रेच्या प्रांतावर राज्य केले खरे. परंतु निजविणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांतील अंतर तेथे इतके अल्प होते की, साठीच्या दशकात डायझेपामसारखी बेन्झोडायझेपिन औषधे येताच डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ही औषधे एकटीच घेतली तर क्वचित प्राणघातक ठरतात, पण सवय लावण्यात पटाईत. डायझेपामचे अंश शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात, सबब वृद्ध माणूस सकाळी न्हाणीघरात तोल जाऊन पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो. उलट अल्प्राझोलामचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून ते महिनोन्‌महिने घेऊन एकाएकी बंद केल्यास अस्वस्थता, पूर्वीहून तीव्र निद्रानाश आणि प्रसंगी झटकेही येतात.

झोल्पिडेमचा अंमल याहूनही आखूड. तथापि स्त्रियांच्या रक्तात ते सकाळपर्यंत वाहन चालविणे धोक्याचे ठरावे इतके उरते, असे आढळल्यावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्यांची प्रारंभिक मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणविली, आणि झोपेतच चालणे, स्वयंपाक करणे, मोटार हाकणे अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये वेष्टनावर कडक इशारा छापण्याचा हुकूम काढला. सर्दीवरील गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, पण वृद्धांत त्यांनी तोंडाला कोरड पडते, लघवी अडते, बुद्धिभ्रम होतो. मेलाटोनिन त्यामानाने सौम्य, आणि त्याचा लाभही बेताचाच.

आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम व झोल्पिडेम ही औषधविषयक नियमांच्या 'एच-१' परिशिष्टात असल्याने विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. हा बंदोबस्त दप्तरी उपचार समजू नये. गोळी मोजक्या दिवसांपुरतीच घ्यावी, मद्यासमवेत कदापि घेऊ नये, आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच सोडावी.